चाकांवरची काकडी आणि खिडकीतला मळा : रोममधील कुंड्यांची कहाणी

१/
रोमन सम्राट टायबेरियस आणि त्याची काकडी ही समाजमाध्यमांची लाडकी गोष्ट आहे. सम्राट आजारी पडला, वैद्यांनी रोज एक काकडी खाण्यास सांगितले, आणि भर हिवाळ्यात ती मिळावी म्हणून अभ्रकाच्या पत्र्यांनी मढवलेले जगातील पहिले हरितगृह उभे राहिले, असा तिचा सारांश. यातील आजार आणि वैद्य मूळ साधनांत नाहीत. अभ्रक बहुधा अभ्रक नव्हते. काकडीसुद्धा बहुधा काकडी नव्हती.

२/
तरीही गोष्टीचा गाभा खरा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये जमिनीपासून सुटलेला, हलवता येणारा भाजीचा वाफा अस्तित्वात होता. सम्राटाच्या माळ्यांकडे तो चाकांवर होता. भाड्याच्या बहुमजली इमारतींत राहणाऱ्या सामान्य माणसाकडे त्याचे धाकटे भावंड खिडकीत होते. या दोन टोकांचा, आणि त्यांतल्या दुसऱ्यावर फळ्या कशा ठोकल्या गेल्या याचा हा थ्रेड.

३/
साक्षीदार प्रामुख्याने दोन. पहिला थोरला प्लिनी. त्याचा ३७ खंडांचा ‘निसर्गाचा इतिहास’ इ.स. ७७ च्या सुमारास पुरा झाला. त्यातील एकोणिसावा खंड जवस आणि भाजीपाल्याला वाहिलेला आहे. दुसरा कोलुमेला. हा मूळचा स्पेनच्या किनाऱ्यावरील गादेस म्हणजे आजच्या कादिझचा, आणि शेतीवरील बारा खंडांच्या ग्रंथाचा कर्ता. टायबेरियसची कारकीर्द इ.स. १४ ते ३७. तो वारला तेव्हा प्लिनी तेरा-चौदा वर्षांचा होता. म्हणजे ही दंतकथा नाही, जवळच्या काळातील माहिती आहे.

४/
प्लिनी सांगतो ते एवढेच : टायबेरियसला ‘कुकुमिस’ हे फळ विलक्षण आवडे आणि ते त्याच्या पानात नाही असा दिवस जात नसे. त्यासाठी माळ्यांनी चाकांवरचे उचललेले वाफे केले होते. ऊन असेल तेव्हा ते वाफे बाहेर ढकलत, आणि हिवाळी दिवसांत पारदर्शक तावदानांच्या आडोशाला मागे घेत. बस्स. वैद्याचा उल्लेख नाही, दुखण्याचा नाही. सम्राटाला ते फळ आवडत होते, आणि सम्राटाला आवडणे हे कारण पुरेसे होते.

५/
कोलुमेला शेतकरी होता, त्यामुळे त्याच्या ग्रंथात कृती सापडते, आणि ती आजच्या गच्चीवरील भाजीवाल्यालाही ओळखीची वाटेल. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवस सरला की टोपल्यांमध्ये भरपूर खत घातलेली माती भरावी, तीत बी टोकावे, बेताचे पाणी द्यावे. रोप वर आले की उबदार दिवशी टोपल्या भिंतीच्या आडोशाला उन्हात ठेवाव्यात. गारठा किंवा वादळ असेल तर छपराखाली घ्याव्यात. वसंतसंपात उलटला की टोपलीसकट रोप जमिनीत पुरावे. फळ हंगामाच्या आधी हाती येते.

६/
मग तो पुढची पायरी सांगतो. खटाटोप परवडत असेल तर मोठ्या भांड्यांना खाली चाके लावावीत, म्हणजे आत-बाहेर करण्याचे कष्ट कमी होतात. वर तावदाने ठेवावीत, म्हणजे थंडीतही निरभ्र दिवशी वेल उन्हात आणता येतो. टायबेरियसला जवळजवळ वर्षभर फळ मिळे ते याच रीतीने, असे तो नोंदवतो. यात एक तपशील फार मोलाचा आहे. चाकांचा वाफा दरबारात एकाएकी जन्मला नव्हता. तो साध्या टोपलीचाच वाढीव अवतार होता, आणि टोपली कोणाही मळेकऱ्याच्या आवाक्यात होती.

७/
या युक्तीमागील विज्ञान सोपे आहे. जमिनीतील माती हळू तापते आणि हळू निवते. टोपलीतील मूठभर माती दोन तास उन्हात ठेवली की तापते, आणि सूर्य ढळला की तितक्याच वेगाने गार पडते. वेलवर्गातील भाज्यांना गारठा मानवत नाही. रोमच्या हिवाळ्यातील एक कडक रात्र सगळा वेल जाळून टाकते. म्हणून टोपली हवी असेल तर तिला दिवसातून दोनदा हलवणारी माणसेही हवीत. प्लिनीच्या वाक्यात हे माळी येतात, पण नाव कोणाचेच येत नाही. एका माणसाच्या पानात रोज एक फळ पडावे म्हणून हे हात सूर्याच्या मागे गाड्या ढकलत होते.

८/
आता त्या ‘अभ्रका’कडे. मूळ शब्द ‘स्पेक्युलारिया’, म्हणजे पारदर्शक पत्र्यांची तावदाने. ज्या दगडापासून ती बनत त्याला ‘लापिस स्पेक्युलारिस’ म्हणत. जुन्या भाषांतरकारांनी सवयीने त्याचे अभ्रक केले. प्लिनीच्या वर्णनाला आणि स्पेनमध्ये सापडलेल्या रोमन खाणींना जुळतो तो दगड म्हणजे सेलेनाइट, जिप्समचा स्फटिकरूप प्रकार. तो इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो. करवतीने कापता येतो आणि पापुद्र्यासारखा सुटत जातो.

९/
सर्वांत उत्तम दगड स्पेनमधील सेगोब्रिगा नगराच्या भोवतालच्या शंभर रोमन मैलांत, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटरच्या टापूत, खोल विहिरींसारखे खड्डे खणून काढत असे प्लिनी लिहितो. तिथून तो इटलीपर्यंत यायचा. खिडकीला अशी तावदाने लावणे हा आपल्या आठवणीतला शोध आहे असे तत्त्वज्ञ सेनेका म्हणतो, म्हणजे पहिल्या शतकात ही नवीन आणि महाग चैन होती. या दगडाचा चुरा रोमच्या भव्य शर्यतीच्या मैदानावर पसरत, जमीन पांढरीशुभ्र दिसावी म्हणून. एवढी उधळपट्टी करणाऱ्या शहरात तोच दगड भाजीवर झाकणे ही फार मोठी उडी म्हणता येणार नाही.

१०/
आणि काकडी? कोशिंबिरीसाठी चोचवली जाते ती काकडी मूळची हिमालयाच्या पायथ्याकडची. हॅरी पॅरिस आणि ज्युल्स जॅनिक या अभ्यासकांनी २००८ साली प्राचीन वर्णने आणि चित्रे पडताळून असे मांडले की, टायबेरियसचे ‘कुकुमिस’ हे खरबुजाच्या जातीतील लांब, वाकडे, लव असलेले फळ असावे. उत्तर भारतात उन्हाळ्यात ‘ककडी’ म्हणून विकली जाणारी लांबलचक, कोवळी फळे याच गटातली. रोमन मोझेकांतही असे सापासारखे वळलेले फळ दिसते. भारतातून युरोपात गेलेली खरी काकडी तिथे रुजली ती बऱ्याच नंतर. तेव्हा ‘रोमन सम्राट भारतीय काकडी खात असे’ हे अभिमानाने पुढे पाठवण्याआधी थोडे थांबलेले बरे.

११/
टायबेरियसची बाजूही सांगायला हवी. खाण्यापिण्यात तो उधळ्या म्हणून प्रसिद्ध नाही. उलट प्लिनीच सांगतो की अपिकियस नावाच्या खवय्याच्या नादाने सम्राटाचा मुलगा द्रुसुस कोबीच्या कोवळ्या कोंबांना नाक मुरडू लागला, तेव्हा बापाने त्याला खडसावले. मात्र हाच बाप ऱ्हाइन नदीकाठच्या गेल्डुबा येथून एक विशिष्ट कंदमूळ दरवर्षी मागवून घेई. आवडीची भाजी कुठून आणि कोणत्या ऋतूत आणायची, याला त्याच्यापुरती मर्यादा नव्हती.

१२/
सम्राटाची चाके बाजूला ठेवली, तरी रोमनांना कुंडीचे तंत्र चांगले माहीत होते. इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटो लिहून गेला आहे : तळाला भोक असलेले मडके घ्यावे, झाडाची फांदी त्या भोकातून ओवून मडके मातीने भरावे, ते झाडावरच राहू द्यावे. दोन वर्षांनी मुळे फुटलेली फांदी खालून तोडावी आणि मडक्यासकट लावावी. कोकणातील कोणीही बागायतदार हे वाचून म्हणेल की हे तर गुटी कलम!

१३/
अशी भोकांची मडकी पाँपेईत प्रत्यक्ष सापडली आहेत. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या शहरात विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकन विदुषीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बागांचा शोध घेतला. झाडे कुजून गेली होती, परंतु त्यांच्या मुळांच्या जागी राखेत पोकळ्या उरल्या होत्या. त्या रिकाम्या करून त्यांत सिमेंट ओतायचे, ते घट्ट झाले की भोवतालची माती काढायची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मुळाचा साचा हाती येई. घरामागच्या लहानशा चौकात कुठे झाड होते, कुठे मडके पुरले होते, हे तिला असे वाचता आले.

१४/
प्लिनीला या भोकांचा उपयोग ठाऊक होता. महाळुंगाची झाडे परदेशांतून आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ती मातीच्या भांड्यांत लावली होती आणि मुळांना श्वास घेता यावा म्हणून भांड्यांना छिद्रे ठेवली होती, असे तो सांगतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे आजही नवख्या बागप्रेमींना दोन-चार रोपे कुजल्यावरच उमगते.

१५/
इथवर कहाणी तंत्राची झाली. परंतु एकोणिसाव्या खंडात प्लिनीचा सूर मध्येच चढतो. पैशाने भाजीतही उच्च-नीच निर्माण केले, हा त्याचा संताप आहे. निसर्गाने अ‍ॅस्परॅगस रानात उगवला, ज्याला हवा त्याने तोडावा म्हणून. आता तो बागेत पोसला जातो आणि रव्हेनाचे तीन कोंब एक रोमन पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम भरतात. कोबी असा फुगवतात की गरिबाच्या मेजावर मावणार नाही.

१६/
आर्टिचोकच्या जातीच्या काटेरी भाजीवर तर तो तुटूनच पडतो. कार्थेज आणि कोर्दुबा येथील लहान-लहान तुकड्यांतून या भाजीचे सहा हजार सेस्टर्स मिळतात, आणि ती अशी की चार पायांचे जनावरही तिला तोंड लावत नाही! त्या काळी रोमन सैनिकाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता. एका वाफ्याचे उत्पन्न सैनिकाच्या सहा वर्षांच्या पगाराहून अधिक. प्लिनीच्या शब्दांत अतिशयोक्ती असू शकते, चीड मात्र खरी आहे.

१७/
या चिडीमागे एका शब्दाचा इतिहास आहे. लॅटिनमध्ये ‘होर्तुस’ म्हणजे घरामागचे परडे, भाजीचा मळा. इ.स.पू. ४५१-४५० च्या बारा पाट्यांच्या कायद्यात ‘व्हिला’ हा शब्द कुठेच येत नाही, प्रत्येक ठिकाणी ‘होर्तुस’ येतो, याकडे प्लिनी लक्ष वेधतो. वडिलोपार्जित जमिनीला म्हणत ‘हेरेदियुम’, आणि तिचे परंपरागत माप दोन युगेरा, म्हणजे सुमारे पन्नास गुंठे. जुन्या काळी ज्या घरचे परडे हयगयीत पडलेले दिसे, त्या घरची बाई गृहकृत्यदक्ष नाही असे मानत. बाजारातून भाजी आणावी लागणे हा कमीपणा होता.

१८/
याच शब्दाचे अनेकवचन ‘होर्ती’. पहिल्या शतकापर्यंत त्याचा अर्थ पार बदलला होता. होर्ती म्हणजे धनिकांची विस्तीर्ण उपवने : लुकुलुसचे, साल्लुस्तिउसचे, माएकेनासचे. माएकेनासचे उपवन एस्क्विलिन टेकडीवर जिथे उभे राहिले, तिथे आधी गरिबांची दफनभूमी होती. परड्याचे नाव लावून लोक शहराच्या आतच शेते आणि वाडे बाळगतात, हा प्लिनीचा टोमणा. एकवचन गरिबाकडून सुटले आणि अनेकवचन श्रीमंताला मिळाले, असे व्याकरणाच्या भाषेत म्हणता येईल.

१९/
कारण गरिबाला मुळी जमीनच उरली नव्हती. ऑगस्टसच्या काळात रोमची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात गेली, असा अनेक इतिहासकारांचा अंदाज आहे. बहुतेक लोक ‘इन्सुला’ नावाच्या भाड्याच्या बहुमजली इमारतींत राहत. त्या कोसळत, पेट घेत. उंचीला ऑगस्टसने सत्तर रोमन फुटांची, म्हणजे सुमारे एकवीस मीटरची मर्यादा घातली. पुढे ट्राजनने ती साठ फुटांवर आणली. जितका मजला वरचा तितके भाडे कमी, हा आजच्या टॉवरांच्या उलटा हिशेब. लिफ्ट नसलेल्या जगात वरचा मजला हा गरिबीचा पत्ता होता.

२०/
राज्य या लोकांना धान्य देई. ऑगस्टसच्या काळात सुमारे दोन लाख नागरिक पुरुषांना दरमहा पाच मोदिउस, म्हणजे अंदाजे ३३ किलो गहू फुकट मिळे. भाजी मात्र या व्यवस्थेत नव्हती. ती टायबरकाठच्या भाजी मंडईतून विकत घ्यावी लागे, आणि तिच्यावर कर होता. प्लिनी सांगतो की रोममध्ये मंडईच्या करासारखा जाचक दुसरा कर नव्हता. प्रत्येक सम्राटापुढे लोकांनी त्याविरुद्ध ओरड केली आणि अखेर या मालावरची जकात उठवावी लागली. भाजीच्या दरावरून राज्यकर्त्यांना घाम फुटण्याची परंपरा अशी जुनी आहे.

२१/
भाजीचे गरिबाला मोल का होते, हेही तो सांगतो. तिला शिजवायला आग लागत नाही, सरपण वाचते, ती नेहमी हाताशी तयार असते. इन्सुलातील अनेक खोल्यांत नीट चूलच नव्हती. लाकडी मजल्यांच्या इमारतीत निखारा पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ. अशा घरात लेट्यूसची पाने, कापली की पुन्हा फुटणारी लीकची पात, व्हिनेगर आणि भाकरी हे पुरे जेवण असे.

२२/
आणि मग, या सगळ्या विवेचनाच्या मध्ये, प्लिनी जाता जाता एक वाक्य लिहितो. त्याचा आशय असा : शहरातील सामान्य जनता आपल्या खिडक्यांत मळ्याची प्रतिकृती करून रोज डोळ्यांना शेतशिवार दाखवत असे, परंतु असंख्य लोकांच्या गर्दीतील निर्दय चोऱ्यामाऱ्यांनी ते सारे देखावे बंद करून टाकायला भाग पाडले. संपूर्ण रोमन वाङ्मयात खिडकीतील बागेविषयी इतके स्पष्ट बोलणारी दुसरी नोंद शोधणे कठीण. आणि ती नोंद आहे भूतकाळातली. बाग सांगितली जाते ती गेल्यावरच.

२३/
‘प्रतिकृती’ हा शब्द प्लिनीने जपून वापरला आहे. खिडकीतल्या मळ्याने कुटुंबाचे पोट भरत होते असे त्याने म्हटलेले नाही. भरणे शक्यही नव्हते. मडक्यातली माती चटकन सुकते, आणि पाणी वरच्या मजल्यांपर्यंत येत नसे. रोममध्ये इ.स. ९७ साली नऊ जलवाहिन्या होत्या, तरी सर्वसामान्यांसाठी पाणी गल्लीतल्या हौदापाशी थांबे. तिथून घडा भरून जिने चढावे लागत. तरीही लोक मडकी ठेवत होते. दोन-तीन पिढ्यांपूर्वी ज्यांच्या घरामागे परडे होते, त्यांनी त्याची आठवण चौकटीत मांडून ठेवली होती.

२४/
मडकी ठेवणेही निर्धोक नव्हते. रात्री रोमच्या गल्लीतून चालताना वरून काय डोक्यात पडेल याचा नेम नाही, अशी तक्रार जुव्हेनलने केली आहे. कायद्यालाही याची दखल घ्यावी लागली. ज्या जागेखालून लोक ये-जा करतात किंवा उभे राहतात, तिथल्या वळचणीवर किंवा पुढे आलेल्या छपरावर पडून इजा करील अशी वस्तू कोणी ठेवू नये, असा प्रेटरचा म्हणजे न्यायाधिकाऱ्याचा आदेश होता. जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या इ.स. ५३३ च्या संहितेत तो जपला गेला; तिथे दंड दहा सुवर्णनाण्यांचा आहे. वस्तू प्रत्यक्ष पडण्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. ठेवली, एवढाच गुन्हा पुरे.

२५/
याशिवाय वरून फेकलेल्या वा सांडलेल्या वस्तूने नुकसान झाले तर दुप्पट भरपाई, आणि स्वतंत्र माणूस दगावला तर पन्नास सुवर्णनाणी. वाटसरूला निर्भयपणे चालता यावे हे सार्वजनिक हिताचे आहे, असे उल्पियन हा कायदेपंडित या संदर्भात सांगतो. ‘गॅलरीच्या कठड्यावर कुंड्या ठेवू नयेत’ ही गृहनिर्माण संस्थेच्या फलकावरील सूचना निदान अठराशे वर्षांची आहे.

२६/
परंतु प्लिनीच्या म्हणण्यानुसार खिडक्या मिटल्या त्या दंडाने नव्हे, चोरांनी. ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये ‘व्हिगिलेस’ हे दल उभारले होते. त्याच्या सात तुकड्या आग विझवत आणि रात्रीची गस्त घालत; घरफोड्यांचा निवाडा या दलाच्या प्रमुखाकडे असे. तरी लाखोंच्या शहरात एवढ्याने भागत नव्हते. तावदाने परवडणाऱ्या घरांत उजेड येत राहिला. ज्यांना परवडत नव्हती, त्यांच्या खिडकीवर लाकडी फळी आली. फळी आली की चोर बाहेर राहतो, आणि सूर्यही.

२७/
मुंबईच्या चाळी आणि सोसायट्यांनी याच पेचावर आपला तोडगा काढला. चोराच्या भीतीने खिडकीला लोखंडी जाळी आली, ती हळूहळू पेटीसारखी बाहेर आली आणि त्या पेटीत तुळस, मिरची, कढीपत्ता जाऊन बसला. रोमन लोहारांना जाळ्या करता येत होत्या आणि काही श्रीमंत घरांना त्या होत्याही. परंतु लोखंड स्वस्त नव्हते.

२८/
प्लिनीचे ‘सारे देखावे’ हे शब्द अक्षरशः घ्यावेत का? इथे कवी मार्शल आडवा येतो. इ.स. ६४ मध्ये तो स्पेनमधून रोमला आला आणि बराच काळ तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहिला. इ.स. ९६ च्या सुमारास, म्हणजे प्लिनीच्या वाक्यानंतर वीसेक वर्षांनी, त्याने एका आश्रयदात्याची टर उडवली. त्याने भेट दिलेले शेत इतके लहान, की त्याहून मोठे शेत आपल्या खिडकीत आहे असा मार्शलचा दावा. विनोद ऐकणाऱ्याला खिडकीतली बाग माहीत असल्याखेरीज तो जमत नाही. तेव्हा सगळ्या खिडक्या काही मिटल्या नसाव्यात. प्लिनी चिडला की आकडे वाढवतो, हे वर दिसलेच आहे.

२९/
याच मार्शलने तावदानांचाही समाचार घेतला आहे. एका धनिकाच्या फळझाडांना हिवाळी वारा लागू नये म्हणून पारदर्शक तावदानांचा आडोसा आहे; पाहुणा म्हणून राहिलेल्या कवीला मात्र दिलेल्या खोलीची खिडकी नीट लागतसुद्धा नाही. पाहुण्यापेक्षा झाड होणे बरे, असा त्याचा एकूण सूर. टायबेरियसला जाऊन तोवर अर्धशतक उलटले होते. सम्राटाच्या माळ्यांची युक्ती धनिकांच्या घरांपर्यंत पोहोचली होती आणि तिथेच थांबली होती.

३०/
थोरला प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात स्ताबियाच्या किनाऱ्यावर मरण पावला. त्याच्या खिडकीच्या वाक्याला आणि पाँपेईच्या मडक्यांना गाडणारी राख दोन वर्षांच्या अंतराने आली. त्याचा भाचा आणि दत्तक मुलगा धाकटा प्लिनी पुढे मोठा वकील आणि पत्रलेखक झाला. इ.स. ९८ च्या आसपास, चौतीस वर्षे रोममध्ये काढून मार्शल गावी परतायला निघाला, तेव्हा त्याच्या प्रवासाचा खर्च या धाकट्या प्लिनीने दिला. हे त्याने स्वतःच एका पत्रात नोंदवले आहे.

३१/
मार्शलचे गाव बिल्बिलिस. ज्या प्रांतातील सेगोब्रिगाच्या खाणींतून तावदानांचा दगड निघे, त्याच प्रांतातले. तिथे मार्केला नावाच्या बाईने त्याला जमीन दिली. तीवर काय काय आहे याची यादी त्याने आनंदाने केली : कुरण, गुलाब, झरा, आणि जानेवारीतही न गारठता हिरवी राहणारी भाजी. तावदानांशिवाय, चाकांशिवाय.

३२/
त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मात्र तो कासावीस झालेला दिसतो. रोमची ग्रंथालये, नाटकगृहे आणि मित्रांच्या बैठका यांवाचून त्याला करमत नव्हते.